कावीळ आठळीपर्यंत पोचू नये

भायखळा हा जोडशब्द आहे. एका मतानुसार ‘भाया’ म्हणजे बहावा आणि ‘खळा’ म्हणजे खळे. याच भायखळ्यात १८४५ पासून चालत आलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना एक जर्मन जोडशब्दही शिकावा लागतो : ‘कर्निक्टेरस’.

‘केर्न’ म्हणजे फळातली बी, आठळी, त्यावरून गाभा. मेंदूत खोलवर असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यांनाही जर्मन भाषेत केर्नच म्हणतात. ‘इक्टेरस’ मूळचा ग्रीक, अर्थ कावीळ. त्याच नावाचा एक पिवळा पक्षी पाहिला की रोगी बरा होतो, अशी समजूत रोमन लेखक प्लिनीने नोंदवली आहे. आपल्या अथर्ववेदातही अंगाचा पिवळेपणा पोपटांकडे धाडणारे सूक्त आहे. मराठी ‘कावीळ’ मात्र संस्कृत ‘कामला’वरून आली.

१८७५ मध्ये योहानेस ओर्थ यांना काविळीने दगावलेल्या बाळाच्या शवविच्छेदनात हे पुंजके पिवळे दिसले. पुढे १९०४ मध्ये ड्रेस्डेनच्या गेओर्ग श्मोर्ल यांनी त्याला हे नाव दिले. रक्तातले बिलिरुबिन फार वाढले की ते मेंदूत उतरते. बाळ वाचले तरी बहिरेपणा, हातापायांचा ताठरपणा आयुष्यभर राहू शकतो.

निम्म्याहून अधिक नवजात बाळांना पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ दिसतेच. बहुतेकांची आपोआप ओसरते. धोक्याची कोणती, हे मात्र वेळीच ओळखावे लागते. चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत दिव्याखाली रंग कळत नाही. बाळाला दिवसा खिडकीशी न्यावे, त्वचा बोटाने हलकेच दाबून पाहावी. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, तो तळपायापर्यंत उतरला, बाळ दूध ओढेना किंवा सुस्त पडले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आईचा रक्तगट ‘ओ’ किंवा आरएच निगेटिव्ह असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नयेत. काही बाळांच्या तांबड्या पेशी त्यांनी फुटतात आणि कावीळ वाढते.

उन्हाने कावीळ उतरते, हे इंग्लंडमधल्या एका परिचारिकेच्या लक्षात आले आणि १९५८ मध्ये प्रकाशोपचाराचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तरीही घरच्या कोवळ्या उन्हावर विसंबू नये. रक्ततपासणी करून ठरावीक निळ्या प्रकाशाखाली ठेवले, तर बहुतेक बाळे काही दिवसांत घरी जातात. कावीळ कातडीवर आहे तोवरच तिला अडवायचे असते.