मांडव, मंडप आणि पर्गोला : एक अर्थविचार

खांबांवर आडव्या पट्ट्या टाकून, त्यांवर वेल चढवून केलेल्या बागेतील उघड्या छताला आज शहरी वास्तुव्यवहारात 'पर्गोला' म्हणतात. या शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता, असा प्रश्न पारिभाषिक शब्दांच्या चर्चेत उपस्थित होतो. वस्तुतः तो शब्द परसात आधीपासूनच आहे. दोडका, कारले, तोंडली यांचे वेल ज्यावर चढतात तो 'मांडव' आणि 'पर्गोला' यांच्या रचनेत तत्त्वतः भेद नाही; भेद आहे तो प्रतिष्ठेचा.

'मांडव' हा संस्कृत 'मण्डप' या शब्दाचा तद्भव होय. दोन स्वरांमधील 'प'चा 'व' होणे ही प्राकृतातून आलेली प्रवृत्ती 'कपाट-कवाड', 'दीप-दिवा' या जोड्यांतही दिसते. तथापि तत्सम 'मंडप'ही मराठीत टिकला आणि दोन्ही रूपांनी अर्थक्षेत्र बव्हंशी वाटून घेतले. देवळाचा दगडी, कायमचा तो सभामंडप. लग्नापुरता उभारलेला किंवा वेलीसाठी हंगामापुरता घातलेला तो मांडव. लग्नपत्रिकेत मात्र 'लग्नमंडप' छापला जातो. औपचारिकता आली की तत्सम रूप पुढे येते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

संस्कृत शब्दशास्त्रात 'मण्डप' हे योग आणि रूढी यांतील भेदाचे परिचित उदाहरण आहे. अवयवार्थाने 'मंड', म्हणजे भाताची पेज, पिणारा तो मंडप. रूढीने मात्र छत असलेली वास्तू. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीपेक्षा व्यवहार ठरवतो, हाच या उदाहरणाचा बोध.

'पर्गोला'चा प्रवासही असाच आहे. लॅटिन 'पेर्गुला' म्हणजे भिंतीबाहेर काढलेले छप्पर, पडवीवजा दुकान, तसेच द्राक्षवेलीचा मांडव. 'पुढे जाणे' या अर्थाच्या लॅटिन धातूशी त्याचा संबंध जोडला जातो. इटालियनमध्ये 'पेर्गोला' हा शब्द द्राक्षबागेच्या एका पद्धतीलाही लावतात. तेथून इंग्रजीत, आणि इंग्रजीमार्गे मराठीत येताना त्यातील द्राक्षे गळून पडली व उद्यानाची शोभा तेवढी उरली.

याच ठिकाणी सांगली जिल्ह्यातील तासगावचा दाखला महत्त्वाचा ठरतो. 'तास-ए-गणेश' या द्राक्षजातीच्या नावात आपले नाव गुंफणाऱ्या या परिसरात, खांबांवर डोक्याच्या उंचीच्या वर तारांचे जाळे ताणून वेल पसरवण्याच्या रीतीला 'मंडप पद्धत' म्हणतात. म्हणजे 'पर्गोला'चा कृषिविषयक जुना अर्थ ज्या वस्तूत जिवंत आहे, तिचे नाव मराठीत 'मंडप' हेच आहे. वाईच्या गणपती मंदिरासमोरचा मंडप आणि तासगावच्या शेतातला मंडप एका शब्दाने सांगता येतात, ही मराठीची उणीव नसून समृद्धी होय.

म्हणून 'पर्गोला' वापरण्यास प्रत्यवाय नसला, तरी मराठीत त्यासाठी शब्द नाही, हे विधान टिकत नाही. 'वेलमांडव' म्हटल्यास अर्थ पुरता कळतो. प्रश्न शब्दाच्या अभावाचा नाही. परसातला शब्द अंगणात आणण्याच्या संकोचाचा आहे.