आठवणींना चाल लावताना

मे १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली. मदतकार्यासाठी अभिनेते बलराज सहानी तिथे गेले, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ भीष्मही बरोबर होते. भीष्म सहानी दिल्लीत राहत आणि तिथल्या दिल्ली कॉलेजात (आजचं झाकिर हुसेन कॉलेज) इंग्रजी शिकवत. मागांच्या या गावातली जळकी घरं आणि ओस गल्ल्या पाहताना त्यांना भिवंडी दिसेनाशी झाली, दिसू लागली ती मार्च १९४७ मधली रावळपिंडी. ती दंगल त्यांनी काँग्रेसचे तरुण कार्यकर्ते म्हणून स्वतः पाहिली होती. तेवीस वर्षं गप्प बसलेली आठवण महाराष्ट्रातल्या एका गावाने जागी केली. दिल्लीला परतल्यावर ते लिहायला बसले. 'तमस' ही कादंबरी १९७४ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

या कादंबरीचा पुढचा प्रवास दिल्लीच्या एकाच चौकात घडला. मंडी हाऊस हा तो चौक. साहित्य अकादमी आणि संगीत नाटक अकादमी यांचं रवींद्र भवन, दूरदर्शनचं मुख्यालय, राष्ट्रीय नाट्य विद्यालय, कमानी सभागृह, श्रीराम सेंटर हे सगळं तिथे पायी फिरण्याच्या अंतरात आहे. 'गांधी' चित्रपटाच्या कामासाठी दिग्दर्शक गोविंद निहलानी १९८० च्या सुमारास दिल्लीत होते, तेव्हा श्रीराम सेंटरमधल्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना 'तमस' सापडली. निहलानींचा जन्म कराचीचा, फाळणीत त्यांचंही कुटुंब इकडे आलेलं. एकाच्या आठवणीला दुसऱ्याची आठवण येऊन मिळाली. जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर निहलानींची 'तमस' ही मालिका सुरू झाली तेव्हा शीर्षकांवर एक आरोळी ऐकू यायची. पंजाबीत देवाला मारलेली ती आर्त, लांबवलेली हाक होती. त्या काळी घरोघरी एकच वाहिनी असल्याने लाखो लोकांनी ती एकाच वेळी ऐकली. मालिकेवर खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणाच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानेही प्रक्षेपण थांबवायला नकार दिला.

त्या मालिकेचं संगीत वनराज भाटियांचं. त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा लेख त्यांच्यावर आहे.

सध्या 'ॲम्बियंट' आणि 'निओक्लासिकल' या नावांनी ओळखलं जाणारं संगीत तरुण मंडळी कानाला हेडफोन लावून खूप ऐकतात. पियानोचे मोजके स्वर, व्हायोलिन-चेलोची संथ लाट, मधल्या मोकळ्या जागा, आणि या सगळ्यामागे एखादं पुस्तक, एखादा सिनेमा, एखादी हरवलेली गोष्ट. ब्रायन ईनो यांनी १९७८ मध्ये विमानतळासाठी संगीत रचून 'ॲम्बियंट' हा शब्द रुजवला. माक्स रिक्टर यांनी २००४ मध्ये काफ्काच्या वह्यांतले उतारे वाचून घेऊन त्यांच्या भोवती एक आख्खा अल्बम बांधला. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा इथेही घरातल्या एका खोलीत संगणकावर असं संगीत रचणारी पिढी उभी राहिली आहे. ही सगळी हवा बाहेरून आली, असं आपण गृहीत धरतो. माझं म्हणणं असं, की स्मृती, साहित्य आणि सिनेमा या तिन्हींतून स्वर उभे करणारा, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची पक्की बैठक असलेला रचनाकार आपल्याकडे साठ वर्षांपूर्वीच होता. तो दिल्ली विद्यापीठात शिकवत होता, आणि त्याचं काम 'पार्श्वसंगीत' या खात्यात टाकून आपण मोकळे झालो.

वनराज भाटिया यांचा जन्म ३१ मे १९२७ चा, मुंबईतल्या कच्छी कुटुंबातला. शाळा न्यू एरा. हिंदुस्थानी संगीत ते गिरगावातल्या देवधर मास्तरांच्या शाळेत शिकले, जिथे कुमार गंधर्व वाढले. ऐन तरुणपणी त्यांनी चायकोव्हस्कीचा पियानो कन्चेर्टो ऐकला आणि पियानोचं वेड लागलं. माणेक भगत यांच्याकडे त्यांनी चार वर्षं पियानोचे धडे घेतले. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९४९ मध्ये इंग्रजी साहित्यात एम. ए. केलं. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे आयुष्यभर ज्याने कादंबऱ्यांना, आत्मचरित्रांना, ऋचांना संगीत दिलं, तो मुळात साहित्याचा विद्यार्थी होता. मग लंडनची रॉयल अकादमी ऑफ म्युझिक, तिथलं सुवर्णपदक, आणि नंतर पॅरिस.

पॅरिसमध्ये त्यांच्या गुरू होत्या नादिया बुलांजे. ऱ्यू बाल्यूवरच्या त्यांच्या घरी बुधवारी वर्ग भरायचे. एरन कोपलंड, आस्तोर पियाझोला, क्विन्सी जोन्स, फिलिप ग्लास हे सगळे त्यांचे विद्यार्थी. शिस्त भयंकर कडक. कानाने ऐकलेलं लगेच कागदावर उतरवता आलं पाहिजे, आणि बाखच्या रचनेतली प्रत्येक स्वररेषा वेगळी काढून गाता आली पाहिजे. भाटियांच्या नंतर काही वर्षांनी ग्लास तिथे शिकत होते, आणि पॅरिसमध्येच रविशंकर आणि अल्लारखाँ यांच्यासोबत काम करताना त्यांना भारतीय तालाची रचना उमगली. तिथून अमेरिकन मिनिमलिझमची एक वाट निघाली, आणि आजचं निओक्लासिकल तिचं बरंच ऋणी आहे. ग्लास भारताकडून ताल घेऊन गेले, तर भाटिया युरोपातून स्वररेषांचं शास्त्र घेऊन १९५९ मध्ये परतले. ग्लास जगप्रसिद्ध झाले. भाटियांना मात्र इथे त्यांचं संगीत वाजवणारा वाद्यमेळ शोधावा लागला.

१९६० ते १९६५ ही पाच वर्षं ते दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे रीडर होते. विद्यापीठाचा संगीत विभागही तेव्हा नुकताच सुरू झाला होता. दिल्लीला वाद्यवृंदाची सवय होती, ती आकाशवाणीमुळे. रविशंकर १९४९ पासून १९५६ पर्यंत तिथे होते आणि आकाशवाणीचा वाद्यवृंद त्यांनी घडवला. त्याच काळात त्यांनी कोलकात्यात एका रात्रीच्या बैठकीत 'पथेर पांचाली'चं संगीत ध्वनिमुद्रित केलं. पण त्या वृंदातही वाद्यं मुख्यतः एकच धुन मिळून वाजवत. भाटियांपुढचा प्रश्न वेगळा होता.

तो प्रश्न जरा जवळून पाहू. आपल्या रागात षड्ज अढळ असतो. तानपुरा तो सतत सांगत राहतो आणि त्याच्यावर एकच स्वररेषा विहार करते. गंधार कोमल की शुद्ध, तो किती आंदोलित, कुठून यायचा, यावर रागाचं रूप ठरतं. पाश्चात्त्य पद्धतीत दोन, तीन, चार स्वररेषा एकाच वेळी चालतात, आणि त्यांच्या भेटीतून निर्माण होणारा ताण, त्याची सोडवणूक हाच रचनेचा प्राण. रागाखाली सरसकट कॉर्ड ठेवले, की षड्ज हलतो आणि राग बिघडतो. चित्रपटसंगीतात हे सर्रास चालतं, आणि गोडही लागतं. भाटियांचं ऐकताना मला वेगळीच वाट दिसते. ते खाली ठोकळे ठेवत नाहीत. रागातल्याच स्वरांच्या दोन-तीन रेषा एकमेकींपासून अंतर राखून चालवतात, आणि मधे भरपूर रिकामं ठेवतात. बुलांजेंच्या वर्गातली शिस्त आणि देवधरांच्या शाळेतला कान, दोन्ही तिथे एकदम कामाला लागलेले असतात.

दिल्ली सोडून ते मुंबईत आले ते जाहिरातींसाठी. लिरिल साबणाच्या जाहिरातीची धून त्यांची. अशा त्यांनी हजारो केल्या. तीस सेकंदांत एक आख्खं वातावरण उभं करायची ती तालीम होती. तिथूनच श्याम बेनेगलांशी जोडी जमली, आणि १९७४ मध्ये 'अंकुर' आला. मग 'निशांत', 'मंथन', 'भूमिका', 'जुनून', 'मंडी', 'सूरज का सातवाँ घोड़ा'. या यादीत साहित्य किती आहे पाहा. 'जुनून' रस्किन बाँडच्या कथेवर, 'सूरज का सातवाँ घोड़ा' धर्मवीर भारतींच्या कादंबरीवर. अपर्णा सेन यांच्या '३६ चौरंगी लेन'लाही त्यांचंच संगीत आहे.

मराठी माणसाने मात्र 'भूमिका'पाशी थांबायला हवं. १९७७ चा हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला. त्या सांगत गेल्या आणि अरुण साधूंनी ते शब्दबद्ध केलं. चित्रपटात स्मिता पाटील तीसच्या दशकापासून पुढची वर्षं जगतात, आणि कोणतं वर्ष चाललंय हे प्रेक्षकाला कळायला गाणीच मदत करतात. प्रत्येक काळाची चाल वेगळी, वाद्यमेळ वेगळा, गळा लावायची तऱ्हाही वेगळी. इथे भाटियांनी जे केलं, ते मला आजही थक्क करतं. नव्या गळ्यांकडून जुन्याची नक्कल करून घेणं सोपं होतं. त्यांनी बोलावलं ते फिरोज दस्तूर आणि सरस्वतीबाई राणे यांना. सवाई गंधर्वांचे शिष्य असलेल्या दस्तूरांनी लहानपणी वाडिया मूव्हिटोनच्या १९३३ मधल्या 'लाल-ए-यमन'मध्ये पडद्यावर गाऊन काम केलं होतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या सरस्वतीबाई १९४३ च्या 'रामराज्य'साठी गायल्या होत्या. म्हणजे ज्या काळाची आठवण पडद्यावर जागवायची, त्या काळात ज्यांचे गळे खरोखर सिनेमात वाजले होते, तेच गळे चाळीसेक वर्षांनी पुन्हा ध्वनिमुद्रण कक्षात उभे राहिले. जुनी फीत घासली, की तिच्यावर खरखर येते. इथे ती खरखर माणसाच्या आवाजातल्या वयाची आहे. आज सॉफ्टवेअरमधून मुद्दाम खरखर मिसळून 'जुनं' वातावरण तयार करणाऱ्यांनी 'भूमिका' एकदा नीट ऐकावा.

गीतकारांत वसंत देव होते, हेही इथे सांगायला हवं. मराठी नाटकं हिंदीत नेणारा हा कवी पुढे 'भारत एक खोज'च्या शीर्षकगीतात पुन्हा भाटियांना भेटला. ५३ भागांची ही मालिका नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'वर होती, आणि ते पुस्तक लिहिलं गेलं १९४४ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, तुरुंगात. शीर्षकासाठी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त निवडलं, वसंत देवांनी त्याचं हिंदी केलं, आणि भाटियांनी ते समूहाच्या कंठात घातलं. सुरुवात संस्कृतने, गंभीर, खालच्या पट्टीत, मग त्याच धाग्यावर हिंदी. सृष्टीच्या आधी काय होतं, हा प्रश्न विचारणाऱ्या सूक्ताला त्यांनी भक्तिगीताची गोडी लावली नाही आणि वेदपठणाची हुबेहूब नक्कलही केली नाही. त्या रचनेत प्रश्न प्रश्नच राहतो. शाळकरी मुलांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी रविवारी सकाळी ते सूर लागले की घर गप्प व्हायचं.

नव्वदच्या दशकात दिल्लीच्या 'म्युझिक टुडे'ने पंचमहाभूतांवर ध्वनिफितींची मालिका काढली. जल शिवकुमार शर्मांकडे, वायू हरिप्रसाद चौरसियांकडे, अवकाश झाकिर हुसेन यांच्याकडे, आणि पृथ्वी वनराज भाटियांकडे. पडदा नाही, पात्रं नाहीत, गाणं नाही, अशा वातावरण-संगीताला भारतीय बाजारात तेव्हा नावही नव्हतं, दुकानात त्याचा वेगळा कप्पाही नव्हता. आजच्या व्याख्येने पाहिलं, तर तो ॲम्बियंटचाच उपक्रम होता.

मानसन्मान मिळाले. १९८९ मध्ये संगीत नाटक अकादमी, २०१२ मध्ये पद्मश्री. पण त्यांनी मैफलीसाठी लिहिलेलं संगीत (पियानोसाठीचं 'फँटेसिया अँड फ्यूग', तंतुवाद्यांसाठीचं 'सिन्फोनिया कन्चर्टान्ते', 'सिक्स सीझन्स' ही गीतमाला) किती भारतीयांनी ऐकलंय? जानेवारी २०१९ मध्ये यो-यो मा यांनी मुंबईत त्यांची चेलोवरची 'रेव्हरी' वाजवली, तेव्हा भाटिया नव्वदी ओलांडून गेले होते. ७ मे २०२१ रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत देश हबकलेला असताना, मुंबईत त्यांचं निधन झालं. वर्तमानपत्रांत 'जाने भी दो यारों'चे संगीतकार गेले, असे मथळे आले. तेही खरंच होतं, पण फार अपुरं.

उतारवयात ज्या कामात त्यांचा जीव अडकला होता, ते म्हणजे 'अग्निवर्षा' हा ऑपेरा. गिरीश कार्नाडांच्या नाटकावरचा. महाभारताच्या वनपर्वातली यवक्रीताची कथा, सात वर्षं चाललेला यज्ञ, पाऊस नाही, आणि भावाभावांतलं वैर. त्याचे पहिले दोन अंक २०१२ मध्ये न्यूयॉर्कला सोप्रानो ज्युडिथ केलॉक यांच्या पुढाकाराने सादर झाले. मुंबईचा रचनाकार, धारवाडचा नाटककार, व्यासांची गोष्ट, आणि पहिला प्रयोग न्यूयॉर्कला. दिल्लीत कमानी सभागृह आहे, मुंबईत एनसीपीए आणि तिथला सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे, पुण्यात पाश्चात्त्य गायकी शिकणारी मुलं आहेत. सहा जन्मशताब्द्या साजऱ्या करण्याइतका पैसा आपल्या सरकारी खात्यांकडे दर वर्षी असतो, आणि भाटियांची शताब्दी ३१ मे २०२७ ला आहे. 'अग्निवर्षा'चं मराठी भाषांतर करून ते गायला लावायचं असेल, तर तालमी आताच सुरू व्हायला हव्यात, कारण चार स्वररेषा एकत्र गाणारा समूह वर्षभरापेक्षा कमी वेळात उभा राहत नाही.