शिडाची होडी आणि आपली मुले

सोपारा हे एके काळी मोठे बंदर होते, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच सापडला. जिथे शिडाची जहाजे लागत, तिथे आज नालासोपारा-विरारच्या चाळींतून हजारो मुले वाढतात, पण शीड कसे चढवतात हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक आहे? अर्नाळा, पाचूबंदरच्या बोटीही आता इंजिनावर चालतात. शीड उरले ते मुख्यतः शर्यतीत, आणि शर्यत म्हणजे साहेबांचा क्लब, असे आपण धरून बसलो आहोत.

1982 च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्याच समुद्रात झाल्या. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी त्यांत सुवर्णपदक मिळवले. पुढे 2023 साली हांगझोऊला नेहा ठाकूर या मुलीने रौप्यपदक जिंकले. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. तिच्या राज्याला समुद्रच नाही! ती शिकली भोपाळच्या तलावावर.

तळ्यावरच्या शर्यतीला आपल्याकडे ‘एंटरप्राइज’ जातीची होडी बरीच वापरतात. लांबी चार मीटरच्या जरा वर, नुसत्या सांगाड्याचे वजन 94 किलो, शिडे निळी, माणसे दोन. खडकवासल्याच्या जलाशयावर प्रबोधिनीचे छात्र शिडाची होडी हाकायला शिकतात, आणि एन.सी.सी.च्या नौदल शाखेच्या शर्यती ओडिशातल्या चिलिका सरोवरावर होत आल्या आहेत.

शर्यतीचा निम्मा निकाल काठावरच लागतो. होडी पाण्यात लोटण्याआधी तळाची बुचे घट्ट आहेत की नाहीत ते पाहायचे, कारण बूच विसरले की पाणी भरते आणि होडी जड होते. हवेच्या पिशव्या फुगवून तपासायच्या, होडी उलटली तर त्याच तिला तरंगत ठेवतात. डोलकाठीच्या तारा समान ताणाच्या हव्यात. प्रत्येक खिळीला चिकटपट्टी गुंडाळायची, नाहीतर शीड अडकून फाटते. सुकाणू निसटू नये म्हणून त्याची कडी पाहायची. शीड चढवताना होडीचे तोंड वाऱ्याकडे ठेवायचे. हे काम कंटाळवाणे आहे, पण आमच्या मते खेळाडू घडतो तो इथेच.

पाण्यावर एकजण सुकाणू आणि मोठे शीड सांभाळतो, दुसरा पुढचे लहान शीड. बघणाऱ्याला दुसरा नुसता मदतनीस वाटतो. खरे तर वारा कुठून येतो, शेजारची होडी किती जवळ आली, हे तोच ओरडून सांगतो. वारा वाढला की दोघे पट्ट्यांत पाय अडकवून काठाबाहेर पाठीवर झुकतात आणि होडी आपल्या वजनाने सरळ धरतात. तळ्यावरचा वारा डोंगरांमुळे सारखा दिशा बदलतो. पाण्यावर काळसर पट्टा सरकताना दिसला की झुळूक आली असे समजावे.

सुरुवात धावण्याच्या शर्यतीसारखी नसते. पाच मिनिटे आधी पहिला इशारा होतो, चार मिनिटे उरली की दुसरा, एक मिनिट उरले की तिसरा. तोवर सगळ्या होड्या रेषेमागे घिरट्या घालतात. रेषा आधी ओलांडली तर परत फिरावे लागते. समोरासमोर आलेल्या दोन होड्यांत ज्याच्या उजव्या बाजूने वारा येतो त्याचा हक्क पहिला. मग त्याचा बाप कोण, हे पाण्यावर कोणी विचारत नाही.

होडी उलटली तर? उलटतेच. मधल्या फळीवर उभे राहून आपल्या वजनाने ती पुन्हा सरळ करायची, आणि काही झाले तरी होडी सोडून काठाकडे पोहत सुटायचे नाही. अंगात तरंगजाकीट हवेच.

इथे आया घाबरतात. आपल्या माणसांना पाण्याची भीती उगाच बसलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक तळ्याच्या पायरीवर उभेच राहू दिले नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडला ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. मग पोहणे शिकणार कुठे आणि कोण शिकवणार? आज तळ्यावर कोणी अडवत नाही, अडवते ती फी आणि माहिती नसणे.

फीचे म्हणाल तर क्लबचे सभासदत्व आपल्या कारकुनी पगाराला झेपणारे नाही. एन.सी.सी.ला तो प्रश्न नाही. तिची नौदल शाखा प्रत्येक कॉलेजात नसते, म्हणून पालकहो, जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी ऑफिसात विचारून घ्या. मुलींनाही घेतात. तोवर मुलांना पोहायला घाला, आणि मुलाबरोबर मुलीलाही.