तीन रोपे, एक तंबू आणि पुष्कळ समजुती

जर्मनीत १ एप्रिल २०२४पासून प्रौढ व्यक्तीला स्वतःपुरती गांजाची तीन रोपे घरी वाढवता येतात. घरात ५० ग्रॅमपर्यंत, बाहेर पडताना जवळ २५ ग्रॅमपर्यंत आणि रोपे मुलांच्या हाती लागणार नाहीत असा बंदोबस्त, अशा ठळक अटी आहेत. त्याआधी उरुग्वेने २०१३च्या कायद्याने सहा झाडांना आणि कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८पासून एका घराला चार झाडांना मुभा दिली होती. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने मात्र घरगुती लागवडीवर बंदी घातली आणि २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रांताची बाजू उचलून धरली. म्हणजे एकाच देशात जे एका घरात चालते, ते प्रांताची सीमा ओलांडली की गुन्हा ठरू शकते.

कायद्याने दार किलकिले केले आणि बागकामाच्या बाजारात एक नवी गल्लीच उभी राहिली. आतून चकाकणारे कपाटाएवढे कापडी तंबू, एलईडी दिव्यांच्या पाट्या, मातीऐवजी पाण्यात मुळे सोडण्याचे संच, वास अडवणारे कोळशाचे फिल्टर, असे सगळे तिथे मिळते. हे घेणारी माणसे हौशी प्रयोगकर्ती असतात. कोणी दिव्याचा रंग बदलून पाहतो, कोणी पाणी तोडतो, कोणी खत. पीक हाती आले की ‘या वेळी जमले’ असा निकाल लागतो. या खटाटोपातले खरे किती आणि त्यातून घरातल्यांच्या प्रकृतीला धोका किती, हे तपासण्याइतके संशोधन आता उपलब्ध आहे.

सुरुवात प्रकाशापासून करावी लागते, कारण या वनस्पतीचा सगळा संसार रात्रीच्या लांबीवर चालतो. ज्युलियन टूर्न्वा या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२च्या सुमारास भांगेची आणि हॉप्सची रोपे दिवसाचे मोजकेच तास उजेडात ठेवली. ती वेळेच्या फार आधी फुलली. दिवस लहान झाल्यापेक्षा रात्र मोठी झाल्यामुळे हे घडते, असे त्याने दोनच वर्षांत मांडले. पण तो पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि काम तिथेच थांबले. पुढे १९२०मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीनवर हेच दाखवून ‘फोटोपीरियॉडिझम’ हा शब्द रूढ केला आणि श्रेय बहुतांशी त्यांच्याकडे गेले. वनस्पतींना घड्याळ असते, या शोधाच्या मुळाशी भांगेचे झाड आहे हे वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही फारसे ठाऊक नसते.

महाराष्ट्रातल्या फूलशेतकऱ्याला मात्र यात नवल वाटणार नाही. पॉलिहाऊसमधल्या शेवंतीवर रात्री दिवे लावून तिची कळी लांबवायची आणि बाजार पाहून दिवे बंद करायचे, हे तो वर्षानुवर्षे करतो. शेवंती, सोयाबीन आणि गांजा ही तिन्ही एकाच पठडीतली, लांब रात्र मिळाली की फुलणारी. तंबूतल्या लागवडीत टायमर लावून १२ तासांचा अंधार करतात तो याचसाठी. अलीकडे दिवसमान न पाहता ठरावीक वयाला फुलणारे वाण आले आहेत. त्यांचे मूळ रशियातल्या एका बुटक्या रानटी प्रकारात आहे. यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४मध्ये त्याचे वर्णन केले होते. उत्तरेकडच्या आखूड उन्हाळ्यात रात्र लांबण्याची वाट पाहत बसले तर बी धरायच्या आत बर्फ पडते, म्हणून त्या प्रकाराने घड्याळच सोडून दिले.

आता प्रयोगांकडे. अतिनील प्रकाश दिला की नशेचा घटक, म्हणजे टीएचसी वाढतो, ही घरगुती बागायतदारांची लाडकी समजूत. तिला आधार १९८७च्या एका अमेरिकी अभ्यासाचा होता. त्यात असे वाढलेले प्रमाण खरोखर नोंदले गेले होते. पण कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या गटाने २०२१मध्ये आजच्या वाणांवर हाच प्रयोग केला, तेव्हा ना उत्पादन वाढले ना टीएचसी. वाढली ती पानांची दुखापत. याच गटाने साध्या प्रकाशाची तीव्रता वाढवत नेली, तेव्हा उत्पादन वाढत गेले, पण फुलातला टीएचसीचा अंश तेवढाच राहिला. अर्थात जादा वीज जाळून माल जास्त येतो, जहाल येत नाही. झाडाची ताकद मुख्यतः त्याच्या वंशातून येते आणि दिव्याच्या खोक्यावरची जाहिरात काहीही म्हणो, ती तिथे भरून देता येत नाही.

इथेच घरगुती प्रयोगाची खरी अडचण दिसते. तीन रोपांवर प्रयोग होत नाही. बियांपासून आलेली तीन रोपे ही तीन भावंडे असतात, जुळी नव्हेत, त्यामुळे एक जोमदार निघाले तर ते खतामुळे की मुळातच तसे, हे सांगता येत नाही. तंबूच्या मधोमध ठेवलेल्या कुंडीला कोपऱ्यातल्या कुंडीपेक्षा जास्त उजेड मिळतो. शिवाय शेवटचा निकाल द्यायचा कोणी, तर ज्याने तीन महिने घाम गाळला त्यानेच, स्वतः ओढून. संशोधक एकाच झाडाच्या फांद्यांपासून अनेक सारखी रोपे करतात, त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ठरवतात आणि रसायनाचे प्रमाण यंत्राने मोजतात. घरी यातले एकही होत नाही. म्हणून ‘माझ्या अनुभवाने सांगतो’ अशा सल्ल्याला गहू-ज्वारीच्या पिकात जेवढी किंमत, तेवढीच इथे.

अनुभवाला काहीच किंमत नाही असेही नव्हे. १८९३-९४च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालमधल्या नौगाव भागातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, सरकारी परवान्याच्या लागवडीचे तपशील आहेत. तिथे शेतातून फिरून नर झाडे ओळखणारा आणि ती उपटायला लावणारा एक जाणकार माणूस असे. इंग्रज अधिकारी त्याला ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. नर राहिला तर मादीच्या फुलात बी धरते आणि राळ कमी होते, हे त्याला सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत होते. आज ‘सिन्सेमिया’ या स्पॅनिश नावाने मिरवणाऱ्या बिनबियांच्या मालाचे हेच तंत्र.

विजेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. २०० वॅटचा दिवा रोज १२ तास जळला तर २.४ युनिट, आणि फुलोऱ्याचे आठ आठवडे धरले तर सुमारे १३५ युनिट. पंखा, फिल्टर, हवेतला ओलावा काढणारे यंत्र वेगळे. मोठ्या प्रमाणावर हे चित्र चक्रावणारे होते. कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१मध्ये काढलेल्या हिशेबाप्रमाणे अमेरिकेत बंदिस्त जागेत एक किलो सुका गांजा तयार करताना, ठिकाणानुसार २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू हवेत जातात. सूर्यप्रकाशात फुकट वाढणाऱ्या तणासारख्या झाडासाठी हा खर्च आहे.

प्रकृतीच्या दृष्टीने मोठी काळजी दिव्याची नाही, दमटपणाची आहे. पानांतून बाहेर पडणारी वाफ बंद तंबूत साठते आणि गच्च फुलांच्या आत बुरशी धरते. वरून फूल निरोगी दिसते, आत करडी कूज असते. सुकवताना घाई किंवा हयगय झाली तर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशीही वाढते. तिचे बीजाणू धुराबरोबर थेट फुप्फुसात जाऊ शकतात. धडधाकट माणूस बहुधा निभावून जातो. पण केमोथेरपी चालू असलेला, अवयवरोपण झालेला किंवा स्टिरॉइड घेणारा रुग्ण निभावेलच असे नाही आणि ‘औषध म्हणून’ घरी झाड लावणाऱ्यांत असे रुग्ण असतातच. अमेरिकेच्या सीडीसीतील संशोधकांनी २०२०मध्ये विम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गांजा वापरणाऱ्यांमध्ये बुरशीजन्य संसर्गाचे प्रमाण न वापरणाऱ्यांच्या साडेतीन पट आढळले. अशा नोंदींवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण डॉक्टरने रुग्णाला विचारायला हवे एवढे नक्की ठरते. नेदरलँड्समध्ये औषधी गांजावर गॅमा किरणांचा मारा करून मगच तो औषधाच्या दुकानात पाठवतात. स्वयंपाकघरातल्या बरणीला ती सोय नाही.

बुरशी दिसली की माणूस फवारणीकडे वळतो आणि दुसरा धोका तिथे आहे. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला ‘भुरी’वरचे मायक्लोब्युटॅनिल हे औषध परिचित आहे. द्राक्षावर त्याच्या अवशेषाची मर्यादा ठरलेली असते आणि द्राक्ष माणूस खातो, जाळत नाही. हेच रसायन जळले की त्यातून हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू निघतो. कॅनडात २०१६-१७च्या सुमारास परवानाधारक उत्पादकांच्या मालात ते सापडल्यावर तो माल परत मागवावा लागला. परवानाधारकांच्या मालाची तपासणी होते म्हणून ते सापडले तरी. घरच्या कुंडीची तपासणी कोण करणार?

झाडे लवकर वाढावीत म्हणून बंद खोलीत सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडणे हा आणखी एक ‘नवा प्रयोग’. हरितगृहांत ही जुनीच पद्धत आहे, पण तिथे मापक आणि इशारा देणारी यंत्रणा असते. झोपण्याच्या खोलीशेजारी गळणारा सिलिंडर म्हणजे डोकेदुखीपासून गुदमरण्यापर्यंत काहीही. ब्युटेन वायूने राळ काढण्याचा उद्योग तर याहून वाईट. त्यातून झालेल्या स्फोटांमुळे भाजलेले रुग्ण अमेरिकेतल्या जळीत विभागांनी पाहिले आहेत. कॅनडाच्या कायद्याने घरी असे द्रावक वापरायला मनाई केली आहे ती उगीच नाही.

फांद्यांची देवघेव करणाऱ्यांना आणखी एक पाहुणा गाठतो. हॉप लेटंट व्हायरॉइड हा जेमतेम २५६ अक्षरांचा आरएनएचा वाटोळा तुकडा. त्याला विषाणूसारखे आवरणही नाही. २०१९मध्ये कॅलिफोर्नियातल्या गांजाच्या झाडांत तो ओळखला गेला. झाड खुरटते, राळ घटते, आणि एकाच कात्रीने दहा झाडे छाटली की दहाही आजारी पडू शकतात. त्यापासून माणसाला काही होत नाही. पण खत बदलून, दिवे बदलून वैतागलेल्या कित्येकांचा शत्रू प्रत्यक्षात हा असू शकतो.

मुलांबाबत मात्र ढिलाई चालत नाही. कच्च्या फुलात टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असते आणि त्या रूपात ते नशा आणत नाही. उष्णता लागली की त्याचे रूप बदलते. म्हणून कुंडीतल्या पानापेक्षा त्याच पिकापासून घरी केलेला केक किंवा बिस्किट लहान मुलाला जास्त घातक. कॅनडात ज्या प्रांतांनी खाद्यपदार्थांच्या विक्रीला परवानगी दिली, तिथे विषबाधेने रुग्णालयात दाखल होणाऱ्या लहान मुलांची संख्या पुष्कळ जास्त वाढली. गोड पदार्थांना मज्जाव करणाऱ्या क्वेबेकमध्ये ती तेवढी वाढली नाही. मूल विलक्षण झोपाळलेले, तोल जाणारे दिसले तर तासन्‌तास वाट न पाहता रुग्णालय गाठायचे आणि डॉक्टरांना खरे सांगायचे. लाजेपोटी लपवले की त्या मुलावर मेंदूज्वराच्या तपासण्या सुरू होतात.

मोठ्यांचा प्रश्न ताकदीचा आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५मध्ये ४ टक्के होते, २०१४मध्ये १२ टक्के झाले. युरोपातल्या अनेक शहरांत झालेल्या आणि २०१९मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आलेल्या अभ्यासात, १० टक्के किंवा त्याहून जहाल गांजा रोज घेणाऱ्यांत तीव्र मनोविकृतीचा पहिला झटका येण्याची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली. घरी वाढवणाऱ्याला आपल्या फुलात ५ टक्के आहे की २०, हे कळत नाही आणि त्याची सारी हौस आकडा वर नेण्याकडे असते. दुकानातल्या पाकिटावर निदान छापलेले तरी असते.

भारतात हा सारा विषय घराच्या उंबऱ्याबाहेरचा आहे. १९८५च्या एनडीपीएस कायद्याने गांजाच्या झाडाची लागवडच गुन्हा ठरवली आहे. त्याबद्दल १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तीन रोपे, एक रोप, गच्चीतली कुंडी असा भेद कायद्याच्या त्या कलमात नाही. व्याख्येतून पाने आणि बिया वगळल्या आहेत, म्हणून झाड लावायला हरकत नाही, असा युक्तिवाद ऐकू येतो. तो चुकीचा आहे, कारण मनाई झाडाच्या लागवडीला आहे. जर्मनीहून सुट्टीला येताना तिथल्या कायद्याची सवलत सामानाबरोबर येत नाही, हेही तिकडे राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

सरकारच्या परवानगीने मात्र दार उघडते. उत्तराखंडाने २०१८पासून धागा आणि बियांसाठी कमी नशेच्या वाणांना परवाने दिले आहेत. जम्मूतल्या सीएसआयआरच्या भारतीय समवेत औषध संस्थेत कर्करोगाच्या वेदना आणि अपस्मार यांवरच्या औषधांसाठी संरक्षित क्षेत्रात गांजाची लागवड होते. तिथे रोपे तीन नाहीत, नोंदवहीत मोजून ठेवलेली आहेत, आणि फुलात काय किती आहे हे यंत्र सांगते.