शंभरातले पाच, आणि बाकीचे पंचाण्णव

२०२५ च्या नीटला २२ लाख ९ हजार विद्यार्थी बसले. त्यातले १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून १ लाख २० हजारांच्या आसपास. शंभर जणांच्या वर्गावर हे आकडे मांडले, तर ५६ जण पात्र आणि खुर्च्या पाच-सहा. ‘पात्र’ असा शिक्का मिळालेल्या दर दहांतल्या नऊ जणांनाही एमबीबीएसची जागा नाही, आणि जी आहे तिची फी परवडेल की नाही हा पुढचा प्रश्न.

या उरलेल्यांतले पुष्कळ जण बीएस्सीला येतात. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे असतात, त्यामुळे या मुलांचं जीवशास्त्र बहुधा पक्कं असतं. तरी घरात त्यांच्याकडे ‘यंदा नाही झालं’ अशाच नजरेनं पाहिलं जातं. कुणी ड्रॉप घेतो, कुणी वर्गात बसून चोरून नीटचीच पुस्तकं वाचतो. यात तीन वर्षं हातची जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आरोग्यसेवेतल्या वाटा निवडताना पहिला हिशेब वयाचा करावा. बीएस्सी संपते तेव्हा वय साधारण २१. तिथून नर्सिंग किंवा ऑप्टोमेट्रीची पदवी घ्यायची तर पुन्हा पहिल्या वर्षापासून चार वर्षं, म्हणजे २५. फिजिओथेरपीला साडेचार ते पाच. हे अभ्यासक्रम बारावीनंतरचे आहेत, बीएस्सीची वर्षं तिथे जमा धरत नाहीत. मनापासून रुग्णाजवळच काम करायचं असेल, तर निर्णय पहिल्या वर्षातच घ्यावा. दुसरीकडे जैवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, आनुवंशशास्त्र, क्लिनिकल एम्ब्रिऑलॉजी, सार्वजनिक आरोग्य, रुग्णालय प्रशासन यांतल्या पदव्युत्तर पदव्या साधारण दोन वर्षांच्या. तिथे बीएस्सी हाच पाया आणि वय २३.

दुसरा हिशेब तासांचा. तो कुणी करत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. २०२१ साली संसदेनं संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात व्यवसायांचे १० गट आहेत आणि शिक्षणाची मोजपट्टी तासांत दिली आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांची पदविका किंवा पदवी. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांची पदवी. आता गावोगावच्या फलकांवरचे कोर्स या पट्टीवर धरा. रोज सहा तास, महिन्याला २५ दिवस, सहा महिने : ९०० तास. पूर्ण वर्षभर तसंच केलं तरी १,८०० तासच होतात. म्हणून फी भरण्याआधी संस्थेकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : एकूण तास किती, आणि त्या शिक्षणावर या कायद्याखालच्या राज्य परिषदेकडे नोंदणी होते का. उत्तर तोंडी मिळत असेल तर तिथे पैसे भरू नयेत.

प्रयोगशाळेकडे वळणाऱ्यांनी एक मर्यादाही जाणून घ्यावी. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तपासणीच्या अहवालावर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका) करून स्वतःची लॅब टाकू, हे स्वप्न या निकालाशी ताडून पाहावं. नोकरीला मात्र वाव मोठा आहे.

किती मोठा? १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. लक्ष्य : ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, तीन वर्षांत. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले, तर रोज जवळजवळ ७८ हजार. साधी सॉल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. माणूस नुसता वाहक (एएस) आहे की आजारी (एसएस), हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. त्यासाठी यंत्र हवं आणि यंत्रावरचा आलेख वाचणारा माणूस हवा. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेचं केंद्र चंद्रपूरला आहे ते अशाच रक्तविकारांसाठी. सिकलसेल विदर्भात आहे, नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात आहे.

आलेख वाचून झाल्यावर तो समजावून सांगणारा लागतो. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. मेंडेलचं हे १:२:१ वर्गात प्रत्येकानं सोडवलेलं असतं. घरात मात्र त्याचा अर्थ ‘चारांत एक आजारी, पहिलं झालं, आता भीती नाही’ असा घेतला जातो. खरं गणित वेगळं आहे. चार-चार मुलं असलेल्या अशा शंभर घरांत सरासरी ३२ घरी एकही मूल आजारी नसेल, ४२ घरी एक, आणि २६ घरी दोन किंवा अधिक. आधीच्या मुलाचा निकाल पुढच्याला लागू होत नाही. हे कोरकूत, गोंडीत, भिलीत, समोरच्या बाईला न घाबरवता सांगता येणं हे आनुवंशिक समुपदेशकाचं काम आहे, आणि त्या भागातलाच, ती बोली येणारा बीएस्सी झालेला मुलगा किंवा मुलगी हे काम इतर कुणाहीपेक्षा चांगलं करेल, असं मला ठामपणे वाटतं.

एम्ब्रिऑलॉजीची वाट अरुंद आहे, पण स्पष्ट आहे. १९७८ साली पहिलं टेस्टट्यूब बाळ ज्यांच्यामुळे जन्मलं, त्यांतले रॉबर्ट एडवर्ड्स जीवशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. २०१० चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये असं बाळ जन्मलं, तेव्हा डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्याबरोबर परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतले जीवशास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार होते. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियमांनुसार दुसऱ्या स्तराच्या, म्हणजे भ्रूण तयार करणाऱ्या केंद्रात एम्ब्रिऑलॉजिस्ट असणं बंधनकारक आहे. पण त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि मानवी भ्रूण-प्रयोगशाळेतला अनुभव लागतो. आठ-पंधरा दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही.

आकड्यांची आवड असलेल्यांना सार्वजनिक आरोग्याची पदवी आहे, औषधचाचण्यांचं काम आहे. त्या चाचण्यांची आगाऊ नोंदणी २००९ पासून देशात सक्तीची आहे आणि प्रत्येक चाचणीत रुग्णांच्या नोंदी तपासणारी माणसं लागतात.

शेवटचा हिशेब पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांच्या तारखांचा. जॅमचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत. सीयूईटी-पीजीचे अर्ज हिवाळ्यात, परीक्षा मार्चच्या सुमारास. टीवायचा निकाल त्यानंतर. निकालाची वाट पाहत बसणाऱ्याचं अख्खं वर्ष जातं, म्हणून कुठे जायचं हे टीवायच्या गणपतीपर्यंत ठरलेलं असावं.