पेठेची वही आणि पालिकेचा आदेश

१८५२ साली नगरपालिका लाभलेल्या पनवेलची १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली. जुन्या पेठेला खारघर, कळंबोली, कामोठे या वसाहती आणि भोवतालची गावे जोडली गेली. हा नवा संसार मांडून जेमतेम साडेतीन वर्षे होतात तोच टाळेबंदी आली. ६ एप्रिल २०२० चे महावीर जन्मकल्याणक घराघरांतच साजरे झाले. मंदिरे बंद होती. किराणा व धान्याची दुकाने मात्र जीवनावश्यक म्हणून चालू होती. दुकान उघडावे तर घरातील वडीलधाऱ्यांच्या जिवाला घोर, बंद ठेवावे तर गिऱ्हाइकाची चूल अडते, असा तो पेच होता.

व्यापारी वस्तीला हा प्रसंग नवा नव्हे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतील प्लेग ओळखला तो मांडवीत, धान्याच्या वखारींच्या परिसरात. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने आधार घेतला तो त्याच कायद्याचा. पुण्यात रँडसाहेबांच्या समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरझडत्या घेतल्या आणि लोकांनी रोगी लपवले. झडत्या मुंबईतही झाल्या. परंतु तेथे जनरल गॅटेकर यांच्या समितीने ज्ञातीज्ञातींना स्वतःची प्लेग रुग्णालये काढू दिली. आपल्या आचाराप्रमाणे अन्नपाणी मिळेल, शुश्रूषेला आपली माणसे असतील, एवढ्या भरवशावरही रुग्ण दाखल होऊ शकत होता. उणीव एकच, आणि ती लहान नव्हे: ज्याची ज्ञात दुबळी, त्याला वाली कोण?

२०२० मध्ये हे कुंपण बरेच ओलांडले गेले. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापिलेल्या भारतीय जैन संघटनेचे फिरते दवाखाने वस्त्यावस्त्यांत गेले. जूनमध्ये मुंबई महापालिकेसोबत ‘मिशन झिरो’ सुरू झाले. तपासणीला येणाऱ्याची ज्ञात विचारण्याचे कारणच नव्हते.

पनवेलसारख्या वाढत्या शहरात पालिका आदेश काढू शकते. पण कोणत्या घरी वृद्ध दांपत्य एकटे राहते, कोणाचा रोजगार थांबला आहे, हे तिच्या दप्तरात सहसा नसते. पेठेतील दुकानदाराला ते उधारीच्या वहीवरून कळते. ही वही कारभाराचे साधन आहे, असे कोणी मानीत नाही, हे नवलच! नव्या वसाहतींतील मोबाइलवरून किराणा मागवणाऱ्या घरांची अशी वही कोण ठेवणार, हा प्रश्न अद्याप उभाच आहे.

ऑगस्टमधील पर्युषणात सर्वोच्च न्यायालयाने दादर, भायखळा व चेंबूर येथील तीन मंदिरांत मर्यादित दर्शनाची मुभा दिली. राज्यातील इतर मंदिरांची दारे उघडली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. वीर निर्वाण संवत २५४७ चा तो पहिला दिवस. पेढ्यांवर नव्या वह्या आल्या होत्या, आणि टाळेबंदीतील बाकी त्यांत ओढून घ्यायची होती.