चार नटांचा एक आवाज

पडद्यावर माणूस एक आणि गळा दुसऱ्याचा, ही गोष्ट आपल्याकडच्या रसिकास नवी नाही. नायिकेने ओठ हलवावेत आणि लताबाईंचे सूर ऐकू यावेत, यात आपणांस काही वावगे वाटत नाही. मात्र गाणे संपले की नटी बहुधा आपल्या स्वतःच्याच आवाजात बोलू लागते, एवढा भरवसा आपल्याला असतो. इटलीतील प्रेक्षकाला तोही नाही. परदेशी चित्रपट पाहावयास गेलेला रोमचा माणूस रॉबर्ट डी नीरोचे बोलणे म्हणून पंचवीसएक वर्षे जे ऐकत आला, ते बहुतांशी फेर्रुच्चो आमेन्दोला नावाच्या एका ठेंगण्या, साध्या चेहऱ्याच्या इटालियन नटाचे बोलणे होते. आणि मौज अशी की, अल पचिनो, डस्टिन हॉफमन आणि सिल्व्हेस्टर स्टॅलोन हेही त्याच एका गळ्यातून बोलत होते.

ही पद्धत तेथे इतकी का रुजली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. बोलपट सुरू होताच, १९३० साली मुसोलिनीच्या सरकारने परभाषेतील संवाद पडद्यावर ऐकू येण्यास मनाई केली. पुढे १९३३ साली भाषांतरित ध्वनिमुद्रण इटलीतच झाले पाहिजे असाही कायदा आला. मधल्या काळात अमेरिकन कंपन्या एकच चित्रपट निरनिराळ्या भाषांत पुन्हा पुन्हा चित्रित करीत. आपल्या प्रभातनेही १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित केलाच होता. लॉरेल-हार्डी या जोडीला तर फलकावरचे इटालियन शब्द वाचून बोलावे लागे, आणि त्यांचे ते मोडके उच्चार प्रेक्षकांना इतके आवडले की पुढे इटालियन नटांनी त्यांना आवाज दिला तोही मुद्दाम इंग्रजी हेल काढून. त्यांपैकी हार्डीचा आवाज म्हणजे पुढे प्रख्यात झालेला आल्बेर्तो सोर्दी. असो.

आमेन्दोलाचा जन्म २२ जुलै १९३० रोजी तोरिनो शहरात झाला. घर रंगभूमीवरचे, चुलते मारिओ आमेन्दोला चित्रपटांच्या कथा लिहीत आणि दिग्दर्शनही करीत. अशा घरातील मुलाने शाळेच्या आधी पडद्यामागची धूळ खावी हे ओघानेच आले. १९४३ साली सेर्जो तोफानोच्या 'जान बुर्रास्का' या खोडकर मुलाच्या प्रसिद्ध कथेवरील चित्रपटात हा मुलगा पडद्यावर आला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच्या हातून, किंवा गळ्यातून म्हणा, एक काम झाले, ते जगाने ऐकले, परंतु ते त्याचे आहे हे फार थोड्यांस ठाऊक आहे.

१९४५ साली रोबेर्तो रोसेल्लिनीने 'रोम, खुले शहर' हा चित्रपट केला. युद्ध अजून पुरते संपले नव्हते, पैसा नव्हता, फिल्म मिळेल तशी गोळा करावी लागे; तेव्हा चित्रण मुके झाले आणि आवाज मागाहून भरला गेला. आन्ना मान्यानीने रंगविलेली पीना जर्मनांच्या गाडीमागे धावते, गोळी लागून रस्त्यात कोसळते आणि तिचा लहानगा मुलगा मार्चेल्लो तिच्या अंगावर झेप घेतो. हा प्रसंग ज्याने पाहिला आहे तो विसरणार नाही. मार्चेल्लोचे काम व्हीतो आन्निक्कियारिकोने केले. त्याचा आवाज आमेन्दोलाचा होता.

आमेन्दोलाचे वय त्या वेळी पंधराच्या आतबाहेर. गाणे शिकविणाऱ्या कोणालाही हा आकडा वाचून जरा धस्स होईल. या वयातच मुलांचे आवाज फुटतात. काल तार षड्जावर सहज उभा राहणारा मुलगा आज मध्यमालाच अडखळतो, आणि पालक विचारतात, "मास्तर, हा आता गाईल ना?" उत्तर कोणाजवळच नसते. आपल्या नाटक मंडळ्यांतही बालनट म्हणून टाळ्या घेतलेली किती तरी मुले आवाज फुटल्यावर पुढे कोठे गेली, ते कोणी विचारले नाही. बालनटाच्या दुर्दैवाची ही एक ठरलेली कथा आहे. आमेन्दोलाचे वेगळेपण असे की, बालपणाचा आवाज गेल्यावर जो आला तो गोड नव्हता. तो जरा घोगरा, किंचित नाकातला, कडेला खरवडल्यासारखा होता. नटाला शोभेल असे रूप नव्हते आणि नायकाला शोभेल असा कंठही नव्हता. पडद्यावर त्याला लहानसहान कामे मिळत. १९५९ सालच्या मारिओ मोनिचेल्लीच्या 'महायुद्ध' या चित्रपटातील सैनिकांत तो आहे.

त्या काळी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात मान होता तो एमिलिओ चिगोलीसारख्यांचा. जॉन वेन, गॅरी कूपर यांस त्याने दिलेला आवाज म्हणजे पल्लेदार, घोटीव, प्रत्येक व्यंजन स्पष्ट. उंचपुऱ्या नायकांस तो शोभून दिसे. परंतु साठीच्या अखेरीस अमेरिकेतून एक निराळीच पिढी आली. ठेंगणे, मोठ्या नाकाचे, अडखळत बोलणारे, रस्त्यावरून उचलून आणल्यासारखे नायक! 'मिडनाइट काउबॉय' (१९६९) मधला लंगडत चालणारा, खोकणारा डस्टिन हॉफमन चिगोलीच्या आवाजात बोलला असता तर लोक हसले असते. तेथे आमेन्दोलाचा तो खरवडलेला कंठ कामी आला. मग 'गॉडफादर' (१९७२) आणि 'सर्पिको' (१९७३) मध्ये पचिनो, 'टॅक्सी ड्रायव्हर' (१९७६) मध्ये डी नीरो. आरशासमोर उभे राहून स्वतःलाच आव्हान देणारा तो टॅक्सीवाला इटलीत लोक ज्या नकलेने ओळखतात ती डी नीरोची नक्कल नव्हे, आमेन्दोलाची आहे. 'रॉकी'च्या पहिल्या भागात स्टॅलोनला जीजी प्रोयेत्तीने आवाज दिला. दुसऱ्या भागापासून तेही काम याच्याकडे आले.

काम कसे चाले? पूर्वी चित्रपटाचे लहान लहान तुकडे करून त्यांची टोके जोडीत आणि ते कडे पुन्हा पुन्हा पडद्यावर फिरवीत. नट पुढ्यातल्या लहानशा तिकाटण्यावर कागद ठेवून उभा राही आणि समोरचे ओठ मिटले की आपलेही मिटवी. भाषांतर करणाऱ्याची कसोटी ओष्ठ्य वर्णांत. पडद्यावर ओठ मिटलेले असतील तेथे प, ब, म यांपैकीच काही यावयास हवे, मग अर्थाची कितीही ओढाताण होवो. पण ओठ जुळणे ही प्राथमिक शाळा झाली. खरी विद्या दुसऱ्याचा श्वास ओळखण्यात. आमचे वडील दरबारात साथीला बसत. ते म्हणत की, गवई कोठे जाणार हे त्याच्या गळ्यावरून नव्हे, तो दम कोठे घेतो त्यावरून कळते. हॉफमनचा धापा टाकीत येणारा शब्द, पचिनोचा दबलेला आणि एकदम फुटणारा संताप, स्टॅलोनचे जड जिभेचे बोलणे, हे एकाच गळ्यातून निराळे निघत असेल तर ते श्वासाच्याच हिशेबावर. नक्कल करून ते साधत नाही.

तोमास मिलियानची गोष्ट याहून गमतीची. हा नट मूळचा क्यूबातील हवानाचा. १९७६ पासून त्याने रोमच्या गल्लीबोळांतील शिवराळ चोर आणि तितकाच शिवराळ पोलीस रंगविला, आणि रोमकरांनी त्याला आपला माणूस मानले. त्याच्या तोंडी जी अस्सल रोमची बोली ऐकू येई ती आमेन्दोलाची, आणि आमेन्दोला जन्माने तोरिनोचा! तेव्हा अस्सलपणा म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एक आवाज चौघांना पुरे, पण चौघे एकमेकांसमोर आले म्हणजे काय? १९९५ साली 'हीट' या चित्रपटात डी नीरो आणि पचिनो एका टेबलाशी समोरासमोर बसले. एकच माणूस स्वतःशी कसा बोलणार! तेव्हा आमेन्दोलाने डी नीरो घेतला आणि पचिनो जांकार्लो जान्निनीकडे गेला. जान्निनी स्वतः मोठा नट, आणि 'सेंट ऑफ अ वुमन'पासून (१९९२) पचिनो त्याच्याकडे आलाच होता.

३ सप्टेंबर २००१ रोजी रोममध्ये आमेन्दोला वारला. पत्नी रीता साव्हान्योने हीही याच कलेतील नाणावलेली; मुलगा क्लाउदिओ मात्र आपल्या चेहऱ्याने आणि आपल्याच आवाजाने नट म्हणून पुढे आला. वडिलांच्या मागे चौघांचे चार आवाज झाले. डी नीरोला स्तेफानो दे सान्दो मिळाला, हॉफमनला जोर्जो लोपेस, स्टॅलोनला मास्सिमो कोर्वो.

येथवर ठीक होते. पण 'गॉडफादर'ची डागडुजी केलेली नवी प्रत इटलीत निघाली तेव्हा तिच्यासाठी सगळे संवाद नव्याने मुद्रित करण्यात आले. १९७२ सालचा, तिशीतला, अजून कोवळा मायकेल कोर्लिओने आता पासष्टीच्या घरातल्या जान्निनीच्या आवाजात बोलू लागला. जान्निनीच्या योग्यतेविषयी प्रश्नच नाही. परंतु ज्यांनी तो चित्रपट तरुणपणी पाहिला होता त्यांना हे रुचले नाही आणि त्यांनी तसे बोलूनही दाखविले. हे लोक इंग्रजी मूळ ऐका म्हणत नव्हते. त्यांना मूळ हवे होते ते आमेन्दोलाचे.